बोनस नियमावली (सातवी सुधारणा)

ज्याला जग जिंकायचं आहे त्याने नकाशा फार वेळ बघू नये. पहिल्या मिनिटाला माणूस सेनापती असतो, दुसऱ्या मिनिटाला तो आपलं गाव शोधायला लागतो आणि तिसऱ्या मिनिटाला गाव सापडलं नाही म्हणून नकाशा काढणाऱ्याचा उद्धार करायला लागतो.

आमच्या इमारतीत ही तीन मिनिटं ‘रिस्क’ नावाच्या पटावर खर्ची पडली. मे महिन्याच्या सुट्टीत भाचा आला तो हा खेळ बगलेत मारूनच. जगाचा नकाशा, त्यात सहा खंड आणि ४२ प्रदेश, रंगीबेरंगी सोंगट्यांचं सैन्य आणि पाच फासे. चढाई करणाऱ्याला जास्तीत जास्त तीन फासे, बचाव करणाऱ्याला दोन, आणि आकडे सारखे पडले तर बचाव करणारा जिंकला. आपल्या प्रदेशांच्या तिसऱ्या हिश्शाइतकं नवं सैन्य दर पाळीला मिळतं. कितीही दैना झाली तरी तीनाच्या खाली जात नाही. आणि अख्खा खंड ताब्यात ठेवला तर वर बोनस.

पार्किंगमध्ये टेबल मांडून आम्ही सोंगट्या लावत होतो, तेवढ्यात नाना आले. नाना भूमी अभिलेख खात्यातून निवृत्त झालेत. कुठलाही नकाशा दिसला की ते आधी त्याची उत्तर दिशा तपासतात.

“भारत कुठाय?”

“हा काय, इथे.”

“हा? एवढाच? एकच खण?”

“एकच, नाना.”

“आणि ऑस्ट्रेलियाला?”

“चार. म्हणजे न्यू गिनी आणि इंडोनेशिया धरून.”

“चार! आणि बोनस?”

“ऑस्ट्रेलियाला दोन. भारताला वेगळा नाही. सबंध आशिया घेतला तर सात.”

“म्हणजे चीन घ्या, मंगोलिया घ्या, ते याकुत्स्क का फियाकुत्स्क ते घ्या, कामचाटकाला जाऊन गारठून मरा, आणि मग आम्हाला बोनस?”

भाच्याने त्यांना नीट समजावून सांगितलं. ऑस्ट्रेलियात शिरायला दार एकच: सयाममधून इंडोनेशियात. त्या दारावर सैन्य रचलं की मागे पाय पसरून बसावं, दर पाळीला दोन सोंगट्या घरपोच. आशियाचे बारा प्रदेश, पण चहूकडून दारं. सात मिळण्याच्या आतच कोणीतरी कुठून तरी शिरतो आणि आशिया हातचा जातो. तेव्हा नाना, बोनस जमिनीचा नसतो, दारं राखायच्या कटकटीचा असतो.

नानांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, “ते पटलं. पण भारताला किमान तीन हवेत.”

हा खेळ काढला आल्बेर लामोरिस या फ्रेंच माणसाने, १९५७ साली. मूळचा सिनेमावाला. आदल्याच वर्षी त्याचा ‘द रेड बलून’ आला होता: पॅरिसच्या गल्ल्यांमधून एका लहान मुलाच्या मागे मागे फिरणारा लाल फुगा. इतकं हळुवार काही करणाऱ्याला लगेच पुढच्या वर्षी जग जिंकायचा खेळ कसा सुचला, हे मला कोडं होतं. मग आठवलं की त्या सिनेमात शेवटी गल्लीतली पोरं गलोलीने तो फुगा फोडतात. ही पोरं मोठी झाल्यावर काय खेळतील, याची सोय त्याने करून ठेवली असावी.

नानांनी पट मिटवला. “आपण आपला नकाशा काढू. महाराष्ट्राचा. ३६ जिल्हे, सहा विभाग. खंडांच्या जागी विभाग. बोनसचे नियम आपण ठरवू.” नियम लिहायचं काम माझ्याकडे आलं. एक तर मी सोसायटीचं इतिवृत्त लिहितो. दुसरं, वडिलांच्या बदल्यांमुळे मला कुठलंच गाव नाही, त्यामुळे मी निःपक्षपाती ठरलो. गाव नसणं ही पात्रता मानली जाण्याचा हा माझ्या आयुष्यातला पहिला प्रसंग.

नकाशा मोठा हवा म्हणून फ्लेक्सवाल्याकडे गेलो.

“वाढदिवस कुणाचा?” त्याने मान वर न करता विचारलं.

“वाढदिवस नाही. महाराष्ट्राचा नकाशा हवाय.”

“मिळेल ना. फोटो कुणाचा टाकू?”

“फोटो नकोय.”

“मग शुभेच्छुक?”

दुसऱ्या दिवशी फ्लेक्स आला. कडेने लोखंडी रिंगा, मधे महाराष्ट्र, आणि अरबी समुद्रात मुरुडच्या समोर झेंडूच्या माळेचा एक सोनेरी गोल, फोटोसाठी राखलेला. तो म्हणे डिझाइनमध्येच असतो, काढता येत नाही. गडचिरोलीच्या पायथ्याशी ‘शुभेच्छुक : मित्रपरिवार’. नकाशा त्याने कुठल्याशा जुन्या पुस्तकातून उचलला होता, कारण जिल्हे ३५च भरले. १ ऑगस्ट २०१४ला झालेला पालघर त्याच्या गावीच नव्हता. बी विंगमधले पालघरचे गृहस्थ तो फ्लेक्स बघून जे उभे राहिले, ते नानांनी मार्करने ठाण्याचे दोन तुकडे करेपर्यंत बसले नाहीत. छत्रपती संभाजीनगर, धाराशिव आणि अहिल्यानगर या नावांच्या चिकटपट्ट्या मी लावल्या. त्या लावताना सरळ लागल्या की तिरक्या यावरसुद्धा दोन मतं निघाली.

भाचा इंजिनिअरिंगला आहे. त्याने रातोरात एक्सेलमध्ये तक्ता केला. दर तीन जिल्ह्यांमागे एक सोंगटी, आणि सीमेवरच्या दर दोन जिल्ह्यांमागे आणखी एक. हिशोब स्वच्छ होता. नागपूर विभागाचे जिल्हे सहा, पण परक्या विभागाला लागून नागपूर, वर्धा आणि चंद्रपूर एवढे तीनच. भंडारा, गोंदिया, गडचिरोली मागे सुरक्षित. बोनस तीन. मराठवाड्याचे जिल्हे आठ, आणि लातूरसारखं एखादं सोडलं तर जो तो दारात उभा: कोणासमोर जळगाव, कोणासमोर बुलढाणा, कोणासमोर सोलापूर. बोनस पाच. तक्ता भिंतीवर लावला, आणि माझी समजूत अशी की आता फासे टाकायचेच बाकी आहेत.

सभेला सगळे आले. आमच्या इमारतीत माणसांना आडनावाने कोणी ओळखत नाही, गावाने ओळखतात; आणि त्या संध्याकाळी ते गाव प्रत्येकाच्या अंगात आलं होतं.

“मराठवाड्याला पाच आणि आम्हाला तीन?” नागपूरच्या वहिनींनी सुरुवात केली.

“वहिनी, तुमची दारं कमी आहेत.”

“दारं कमी आहेत, कारण तुम्ही लोक आमच्याकडे येतच नाही. आणि अनुशेषाचं काय?”

“कसला अनुशेष? खेळ अजून सुरूच झाला नाही.”

“म्हणूनच म्हणते. सुरू व्हायच्या आधीचा.”

इतका वेळ गप्प बसलेले लातूरचे सर खुर्ची पुढे ओढून म्हणाले, “अनुशेषाचा विषय निघालाच आहे तर तो आमचाही आहे. दांडेकर समितीचा अहवाल १९८४चा आहे. काढू का?” त्यांच्या पिशवीत खरोखरच काहीतरी जाडजूड होतं. ते न काढता पहिली सुधारणा मंजूर झाली: विभाग पूर्ण हातात नसल्याने ज्या पाळीला बोनस बुडेल, तो अनुशेष म्हणून वहीत लिहायचा आणि विभाग हातात आल्यावर चुकता करायचा. म्हणजे हरणाऱ्याचा बोनस हरताना साठत जाणार. भाच्याने कपाळाला हात लावला. वहिनी म्हणाल्या, “आता कसं!”

मालवणचे भाऊ सभेत सहसा बोलत नाहीत, फक्त हसतात. ते हसले की समजावं, मुद्दा तयार आहे. “सह्याद्री दिसत नाय मां नकाशात,” ते म्हणाले. खरंच दिसत नव्हता. कोकण आणि देश यांच्यामध्ये फ्लेक्सवर नुसती एक काळी रेघ होती. भाऊंचं म्हणणं एवढंच की रेघेवरून कोणी उडी मारून येऊ नये, घाटानेच यावं. कोणाला गैर वाटलं नाही. कसारा, माळशेज, बोरघाट, ताम्हिणी, वरंधा, आंबेनळी, कुंभार्ली, आंबा, फोंडा, आंबोली असे घाट मार्करने आखले गेले. कोल्हापूरच्या आबांनी करूळ घाट विसरल्याचं लक्षात आणून दिलं. “मासं काय हेलिकॉप्टरनं येत्यात व्हय?”

नाणेघाटाचं नाव मात्र निघाल्याबरोबर नानांनी तिथे जकात लावली. घाटाच्या माथ्यावर दगडी रांजण आहे, सातवाहनांच्या काळी त्यात जकात गोळा होत असे म्हणतात. तेव्हा तिथून जाणाऱ्या प्रत्येक सैन्याने एक सोंगटी रांजणात टाकायची. रांजण म्हणून नानांनी स्वतःचं तांब्याचं फुलपात्र आणून जुन्नरवर ठेवलं. ते जुन्नर, शिवनेरी आणि अर्धा आंबेगाव तालुका झाकून बसलं.

एवढं झाल्यावर भाऊ पुन्हा हसले. “आणि पावसाळ्यात दरड कोसळतली त्याचा काय?”

त्यातून वर्षाची कल्पना आली. चार फेऱ्यांचं एक वर्ष धरायचं: उन्हाळा, पावसाळा, दिवाळी आणि अधिवेशन. पावसाळ्याच्या फेरीत घाट बंद. म्हणजे ज्या फेरीत कोकणात कोणी उतरू शकत नाही, त्या फेरीत कोकणाचा मालक निवांत मासेबंदी पाळत बोनस घेणार. सभेच्या डोळ्यांदेखत भाऊंनी सह्याद्रीच्या आडोशाला ऑस्ट्रेलिया बांधून घेतला आणि ते कोणाच्या ध्यानातही आलं नाही. मी लिहून घेतलं. लिहिणाऱ्याला विचार करायला वेळ नसतो.

उन्हाळ्याला हापूस ओघानेच आला.

“देवगडला दोन,” भाऊ म्हणाले.

“रत्नागिरीला,” ए विंगमधल्या काकू म्हणाल्या. तोवर त्या स्वेटर विणत होत्या. मे महिन्यात.

“एक मिनिट,” पालघरचे गृहस्थ उठले. ठाण्याचे तुकडे झाल्यापासून त्यांचा आत्मविश्वास वाढला होता. “२०१८ साली हापूसला जे भौगोलिक मानांकन मिळालं त्यात जिल्हे पाच आहेत. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर.”

“दोन सोंगट्या पाच जणांत कशा वाटणार?” भाच्याने विचारलं.

“फोडी करा,” काकू म्हणाल्या.

अण्णांनी आयुष्यभर पिंपरीच्या कारखान्यात युनियन चालवली. बोनस हा विषय निघून अण्णा गप्प बसलेत असं गेल्या अर्धशतकात झालेलं नसावं. ते एकदम उभे राहिले. “तुम्ही लोक आंब्यावर भांडताय. बोनस कायदा १९६५ वाचलाय का कोणी? किमान ८.३३ टक्के. कंपनी तोट्यात असली तरी द्यावाच लागतो. दिवाळीच्या फेरीला प्रत्येक खेळाडूला त्याच्या सैन्याच्या ८.३३ टक्के मिळालेच पाहिजेत. हरत असला तरी. किंबहुना हरत असला तर आधी.”

“आणि जो पूर्ण संपला त्याला?”

“त्याला फंड, ग्रॅच्युइटी,” अण्णा बसत म्हणाले.

अधिवेशनाच्या फेरीचा नियम वहिनींनी तयारच आणला होता. १९५३च्या नागपूर करारात वर्षातून एक अधिवेशन नागपुरात घ्यायचं ठरलंय, म्हणून या फेरीत प्रत्येकाने दोन सोंगट्या नागपुरात पाठवायच्या. त्या तिथे असेपर्यंत नागपूरच्या मालकाच्या बाजूने लढतील.

“आणि परत कधी यायचं?” जळगावच्या तात्यांनी विचारलं.

“कामकाज संपलं की.”

“ते तर दुसऱ्या दिवशीच संपतं.”

“तेच तर आमचं दुखणं आहे,” वहिनी म्हणाल्या. सभेत त्या वेळी पहिल्यांदाच कोणीतरी खरं बोललं असं मला वाटलं. इतिवृत्तात ते मी घेतलं नाही.

तात्यांनी केळीला एक आणि सोन्याला एक असा माफक बोनस मागितला. आबांनी मागितलं ते असं की कोल्हापूरहून चढाई करणाऱ्याने आधी तांबडा रस्सा प्यायला आहे असं धरून त्याच्या मोठ्या फाशात एक मिळवावा. फाशावर सात थेंब नसतात, असं भाच्याने म्हणून पाहिलं. “पेन हाय न्हवं तुझ्याकडं?” आबा म्हणाले. लातूरच्या सरांनी २०१६ सालची पाण्याची रेल्वे काढली. मिरजेहून लातूरला पाणी गेलं, तेव्हा सांगली आणि लातूर एकाच्या हातात असतील तर मधले जिल्हे ओलांडून सैन्य रेल्वेने नेता यावं. यावर मात्र कोणी काही बोललं नाही. मंजूर.

मूळ पुणेकर काका एवढा वेळ भिंतीला टेकून उभे होते. मी विचारलं, पुण्याला काय द्यायचं?

“काही नको. बोनस ज्याला लागतो त्याने घ्यावा. फक्त पुणे हे नाव बाकीच्यांपेक्षा जरा मोठ्या टाइपात छापा, म्हणजे लांबून वाचता येईल.”

पुण्याला फुकट काही नको असणं इतरांना इतकं लागलं की काकांना बळजबरीने दोन सोंगट्या देण्यात आल्या. काकांनी त्या मोजून घेतल्या.

इतिहासाशिवाय मराठी माणसाची नियमावली पुरी होत नाही. पुरंदरचा तह नानांनी घातला. १६६५ साली महाराजांनी २३ किल्ले दिले आणि १२ राखले. त्या हिशोबाने संकटात सापडलेल्या खेळाडूने २३ सोंगट्या देऊन १२ राखाव्यात आणि एक फेरी त्याच्यावर कोणी चढाई करू नये. नियम देखणा होता. पण २३ अधिक १२ म्हणजे ३५ सोंगट्या ज्याच्याकडे आहेत तो संकटात नसतो, आणि जो संकटात असतो त्याच्याकडे सातच उरलेल्या असतात. सरावाच्या डावात तात्यांवर ती वेळ आली. “मी तह करतो,” ते म्हणाले. “सातातून तेवीस कसे देणार?” नाना म्हणाले. “उरलेले सोळा अनुशेषात लिहा,” तात्या म्हणाले. आग्र्याहून सुटकेचा नियमही त्याच रात्री गळून पडला, कारण चौथ्या मजल्यावरच्या दोघा पोरांनी मिठाईचा पेटारा म्हणून बाकरवडीच्या डब्यातून सैन्य पळवायला सुरुवात केली. बाकरवडी आधी संपवावी लागे.

राहता राहिला समुद्रातला सोनेरी गोल. तो मुरुडच्या समोरच होता, त्यामुळे त्याचा जंजिरा झाला. नियम असा: जंजिऱ्यावर कोणाच्याही मालकीचं नसलेलं वीसचं सैन्य कायम बसलेलं, आणि जो तो घेईल त्याला दर फेरीला दहा. सगळ्या पटावरचा सर्वांत मोठा बोनस. आबांनी सरावाच्या डावात कोल्हापूर, सातारा, सांगली सगळं रिकामं करून, रायगडावरून सैन्य उतरवून, तांबड्या रश्शाचा सात धरून जंजिरा फोडला. शेवटचा फासा पडल्यावर ते खुर्चीवर चढले.

“उतरा,” नाना म्हणाले.

“का? पडला की जंजिरा!”

“जंजिरा मराठ्यांना कधी पडला नाही. महाराजांना नाही, संभाजी महाराजांना नाही. तुम्हाला कसा पडेल?”

“मग बोनस कशाला ठेवलाय त्याचा?”

“मोह व्हावा म्हणून,” नाना म्हणाले, आणि वीस सोंगट्या परत गोलात ठेवल्या.

प्रत्यक्ष खेळायला बसलो तो रविवार होता. सकाळी दहाला सुरुवात झाली. अण्णांनी सगळं सैन्य मुंबई शहरात जमवलं होतं, आणि पहिल्याच फेरीत त्यांना कळलं की मुंबई शहर जिल्ह्याला जमिनीवरून शेजारी एकच, मुंबई उपनगर. तिथे तात्या. तात्यांनी वांद्र्याला असा काही जमाव उभा केला की अण्णा माहीमला अडकले ते अडकलेच. “मुंबईत हेच होतं,” अण्णा म्हणाले आणि गेटवेहून मांडव्याला लाँच मागू लागले. मंजूर झाली. मांडव्याला उतरून रायगडमार्गे जगात यायचं असा त्यांचा बेत होता, पण तोपर्यंत पावसाळ्याची फेरी लागली आणि लाँच बंद पडली.

बाकी कोणी कोणावर चढाई करतच नव्हतं. वेळच नव्हता. पाळी आली की आधी मूळ सैन्य, मग विभागाचा बोनस, मग अनुशेष, मग आंबा, मग टक्केवारी, मग रांजणातला वाटा. एकेका पाळीच्या हिशोबाला चहा व्हायचा. मी रजिस्टर उघडून बसलो होतो आणि माझ्यासमोर रांग लागली होती. भाऊ कोकणात सुपारी कातरत बसले होते. त्यांचा हिशोब सर्वांत सोपा: “नेहमीचाच.”

सोंगट्या तर पहिल्या दिवाळीलाच संपल्या होत्या. खेळाच्या डब्यात शिपाई, घोडेस्वार आणि तोफ अशी एकाची, पाचाची आणि दहाची सोंगटी असते. त्या धर्तीवर स्वयंपाकघरातून सैन्य आणलं. तूरडाळ एकाला, वाटाणा पाचाला, राजमा दहाला. पार्किंगला उतार असल्यामुळे वाटाणे पूर्वेकडे घरंगळत होते, आणि नांदेडला कोणी न पाठवलेलं बरंच सैन्य जमलं होतं. तेवढ्यात सौ. खाली आल्या.

“अहो, आमटीला डाळ नाही घरात. कोणाची घेऊ?”

सगळ्यांनी आपापल्या विभागावर हात पसरले. मग तात्या, वहिनी, आबा आणि अण्णा, ज्यांचं सकाळपासून एकाही मुद्द्यावर जमलं नव्हतं, ते एकदम म्हणाले, “वाशीमची घ्या.”

वाशीम आणि हिंगोलीला बोनस नव्हता. मुद्दाम नव्हे, त्या गावचं इमारतीत कोणी राहत नाही, त्यामुळे कोणी मागितलाच नाही. ते दोन जिल्हे चौथीतल्या शेजारच्या मुलीकडे देऊन टाकले होते. ती सकाळपासून दर पाळीला मुकाट्याने तीन डाळी घेऊन मांडत होती. मूळ खेळातला तेवढा एकच नियम आमच्या हातून दुरुस्त व्हायचा राहिला होता. त्या तीन-तीन करत तिच्याकडे चांगली वाटीभर डाळ झाली होती. सौ.नी वाटी भरली तशी तिने जो सूर लावला, तो समोरच्या इमारतीतल्या लोकांनी गॅलरीत येऊन ऐकला.

“अगं, तुला बोनस देऊ,” नाना म्हणाले. “काय हवं?”

“आमटी वाशीमची,” ती हुंदके देत म्हणाली. “मला आधी.”

ही सातवी सुधारणा. ती लिहून होते न होते तोच तिसऱ्या मजल्यावर नुकतेच राहायला आलेले भाडेकरू जिन्यावरून उतरले. हातात दुधाची पिशवी. गर्दी बघून थबकले.

“या, या. कुठले आपण?” आमच्याकडे नाव नंतर विचारतात.

“बेळगावचे.”

ते पटाकडे बघत होते. मी बघत होतो त्यांच्या डोळ्यांकडे, आणि तिसरं मिनिट कधी लागतं याकडे. कोल्हापूरवरून त्यांची नजर खाली आली, आजरा, चंदगड ओलांडून आणखी खाली, आणि फ्लेक्सच्या कडेला असलेल्या लोखंडी रिंगेवर येऊन थांबली.

“आम्ही नाही होय ह्यात?”

आबा खुर्चीवरून उठले. “८६५ गावं आहेत सीमाभागातली. नुस्तं बेळगाव न्हवं.”

“राज्याचा नकाशा आहे हा, अधिकृत,” भाचा म्हणाला.

“अधिकृत कसला? ‘शुभेच्छुक : मित्रपरिवार’ लिहिलंय खाली,” नाना कडाडले. “आणि महाजन आयोगाचं नाव माझ्यासमोर काढायचं नाही.” ते कोणी काढलं नव्हतं.

“प्रकरण २००४पासून सर्वोच्च न्यायालयात आहे,” लातूरचे सर म्हणाले. “तेव्हा गावं पटावर घ्यावीत, सोंगट्याही ठेवाव्यात, पण निकाल लागेपर्यंत फासे टाकू नयेत.”

“ती गावं पुणे विभागात धरली तर त्यांचा पट्टा वाढतो,” वहिनी म्हणाल्या. “मग आमचा अनुशेष पुन्हा मोजावा लागेल.”

“आंबोली घाट खंयच्या बाजूक जातलो?” भाऊ म्हणाले. ते हसत नव्हते.

“मी बोनस वगैरे काही मागत नाही,” बेळगावकर संकोचून म्हणाले. मग थोडं थांबून, “तसं कुंद्याला दोन दिले तर बघा.”

भाच्याने लॅपटॉप उघडून नवं पान घेतलं. “मामा, ८६५ ओळी टाकतो. प्रत्येक गावाला दारं किती, ते कोणी सांगेल का?”

नानांनी खिशातून मोजपट्टी काढली, सर्रकन ओढली आणि तिचं टोक बेळगावकरांच्या हातात दिलं.

“अहो, दूध ठेवून येतो वर, नासेल.”

“नासू दे,” नाना म्हणाले. “आधी हे घट्ट धरा.”